पेपर एक की तीन, राठोड सर?

सर, गुरुवारी हेडसरांनी तुमची दहावी माझ्या गळ्यात बांधली. "कदम मॅडम, इंग्रजीचं आता दुसरं कोण आहे आपल्याकडं?" असं म्हणाले आणि लगेच टेबलावरची फाईल चाळायला लागले, म्हणजे मला नाही म्हणायला जागाच नको. वर्गात गेले. पोरांनी तुमची खुर्ची पुसून ठेवली होती. मी उभ्यानंच हजेरी घेतली. हजेरी संपल्यावर तिसऱ्या बाकावरून काजल उठली. म्हणाली, "म्याडम, सोमवारच्या चाचणीला पेपर एक राहील का तीन?"

मी म्हणाले, "गप बस खाली." ती बसली. मी फळ्यावर तारीख लिहिली, ती चुकली, पुसली, आणि बाहेर हातपंपावर जाऊन तोंडावर पाणी मारून आले. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत मी एकदाही रडले नव्हते. शाळेतल्या बाया मला दगड म्हणत असतील. आणि रडू फुटलं ते कशावरून, तर पेपर एक का तीन यावरून!

आपल्या सात वर्षांच्या भांडणाचं मूळच हे. त्या भांडणात मी एक गोष्ट केली, ती तुम्हाला सांगायची राहिली. एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं राहिली. आज सांगणार आहे. पण आधी थोडं भांडू द्या, कारण तुमच्याशी सरळ बोलायची मला सवय नाही.

मी या शाळेत रुजू झाले त्या आठवड्यात तुमच्या आठवीच्या वर्गाबाहेर थबकले होते. तुम्ही एकेका लेकराला उठवून विचारत होता, "इंग्रजी कशाला पायजे तुला?" मला वाटलं हे काय नवीन खूळ. पुस्तक उघडायचं सोडून चौकशी! एक पोरगा म्हणाला, पोलीस भरतीसाठी. एक म्हणाला, फवारणीच्या बाटलीवर काय लिव्हलंय ते वाचाया. एक पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मला न्हाई पायजे." तुम्ही म्हणालात, "बराबर हाय. मंग कोणी जबरदस्तीनं देऊन राहिला तर न्हाई कसं म्हणावं, तेवढं तरी इंग्रजीत शिकून घे." सगळा वर्ग हसला, आणि बाहेर उभी असलेली मीही.

मग तुम्ही त्या उत्तरांवरून वर्गाचे तीन वाटे करायचात. धडा एकच, पण प्रत्येक वाट्याला काम निराळं आणि चाचणीचा पेपरही निराळा. पोरांनीच नावं पाडली होती: बोर्डाचा पेपर, मधला पेपर आणि चित्रांचा पेपर. चित्रं तुम्ही स्वतः काढायचात. गोळ्यांचं पाकीट, युरियाची गोणी, एसटीची पाटी. तुमची एसटी नेहमी बैलगाडीसारखी दिसायची, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलंय, मागून नाही.

चित्रांचा पेपर बहुतेक तांड्यावरच्या लेकरांना मिळायचा. ती लेकरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची ती उन्हं तापल्यावरच परत. पाच महिने बुडालेले. मी म्हणायचे, सर, ही वेगळी पंगत कशाला? तुम्ही शांतपणे डबा उघडायचात आणि म्हणायचात, "कदम म्याडम, तुमच्या गावातली लेकरं घरी मराठी बोलतेत. ती एक नाला ओलांडला की इंग्रजीत येतेत. आमची घरी गोरमाटी बोलतेत. त्यायला आधी मराठीचा नाला, मंग इंग्रजीचा. त्यात पाच महिने फडात. आन तुमी म्हणता सगळ्यायनं एकदमच पल्याड दिसावं."

तुम्ही स्वतः पुसेगावकडच्या तांड्यावरचे. दोन्ही नाले पायांनी ओलांडलेले. तुमच्यापुढं मी काय बोलणार? पण बोलायचेच. कारण माझं शाळेचं वय साखऱ्याला गेलं, आणि तिथं आम्हाला एक गुरुजी होते, ते इंग्रजीच्या तासाला पोरांना धडा शिकवायचे आणि आम्हा पोरींना म्हणायचे, तुम्ही अक्षर सुधारा. "तुमाला काय करायचंय इंग्रजी? लग्नपत्रिका वाचता आली म्हणजे झालं." आम्ही पानंच्या पानं सुंदर अक्षर काढलं. मला पुढं बीएला इंग्रजी घेताना रक्त आटवावं लागलं, सर. त्या गुरुजींनाही वाटत होतं की ते आमची गरज ओळखून शिकवतात. म्हणून 'गरजेप्रमाणे' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. हे मी तुम्हाला एकदा सांगितलं. तुम्ही तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात वाढली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन पेपर काढले. तुमच्यासारखा चिवट माणूस मी पाहिला नाही.

बरं, तुमच्या पद्धतीत मजा होती हे मी कधी कबूल केलं नाही, आज करते. घरात ज्याच्यावर इंग्रजी लिहिलंय ते घेऊन या, असं तुम्ही सांगितलं होतं तो दिवस आठवतो का? कोणी साबणाचा खोका आणला, कोणी रिमोट, कोणी साडीची पिशवी. आणि गणेशनं कापसावर मारायच्या औषधाची बाटली आणली, ती अर्धी भरलेली. दप्तरात आडवी झाली, झाकण ढिलं. वास सुटला तशी पोरं वर्गाबाहेर, हेडसर मैदानात, आणि शिपाईमामा रेतीची बादली घेऊन पळतायत. तुम्ही ती बाटली फडक्यात धरून बांधाकडे निघाला होता आणि जाता जाता त्याला म्हणत होता, "अरे लेका, रिकामी आण म्हणलो होतो! न्हाई आणली तर न्हाई, आता यावरचा लाल त्रिकोण काय म्हणून राहिला ते सांग." गणेशनं सांगितलं, पॉयझन. बरोबर सांगितलं. तुम्ही तिथंच त्याची पाठ थोपटली, नाकाला रुमाल लावून. हेडसरांनी आपल्याला दोघांनाही झापलं. मी तर नुसती बघत उभी होते, पण तुमच्या बाजूला उभी होते हाच माझा गुन्हा.

आता ती गोष्ट.

काजल तेव्हा आठवीत होती. इंग्रजी कशाला पाहिजे, तर म्हणाली, "याडीच्या गोळ्यांवर काय लिव्हलंय ते वाचाया." तिच्या आईला दम्याचा त्रास. तुम्ही तिला चित्रांचा पेपर दिला. पोरगी हुशार, फडावरून येऊनसुद्धा भराभर उत्तरं लिहायची. मला ते बघवेना. मी दोनदा म्हणाले, सर, हिला वर घ्या. तुम्ही म्हणालात, "घेतो की. आधी पाय तर टेकू द्या."

त्याच महिन्यात बाजाराच्या दिवशी मी जवळा बाजारला गेले होते. भेंडी निवडत होते तर शेजारी काजलचे वडील, परसरामभाऊ. पोरीचं इंग्रजी कसं हाय म्हणून त्यांनी विचारलं. आदल्याच दिवशी आपलं कडाक्याचं वाजलं होतं, माझ्या डोक्यात तेच. मी बोलून गेले, "हुशार आहे हो, पण तिला हलका पेपर देतात. चित्रांचा." एवढंच. भेंडीची पिशवी उचलली आणि घरी आले. भाजी करताना जरा टोचलं, पण म्हटलं, खोटं काय बोलले?

चौथ्या दिवशी तांड्याचे नायक आणि दहा-बारा माणसं शाळेत आली. परसरामभाऊंच्या हातात काजलचा पेपर होता, त्यावर तुमची ती एसटी. तुमच्यासमोर पेपर धरून ते म्हणाले, "सर, चित्राचा पेपर तर अंगणवाडीला असतो. तुमी आमच्यातले. आन आमच्याच लेकरायला कमी शिकवून राहिले? काहून?" तुमचा चेहरा मी पाहिला, सर. तुम्हाला मारलं असतं तर बरं, असा झाला होता. तुम्ही खूप काही सांगू शकला असता. नाल्याचं सांगायचं होतं, पाच महिन्यांचं सांगायचं होतं. तुम्ही फक्त "बघतो भाऊ" म्हणालात आणि त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर चालत गेलात. मी स्टाफरूमच्या खिडकीत उभी होते. बाहेर यायची माझी छाती झाली नाही.

हेडसरांनी त्याच दिवशी फर्मान काढलं, यापुढं पेपर एकच. मी जिंकले होते. पुढच्या चाचणीला तुम्ही सगळ्यांना बोर्डाच्या धर्तीचा पेपर दिला. काजलनं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि बाकी कागद तसाच कोरा ठेवला. तांड्यावरच्या आणखी सहा जणांनीही तसंच केलं. गावातल्या पोरांनीही पुष्कळ कोरं सोडलं होतं, ते मला तोवर कधी दिसलंच नव्हतं. काजल त्यानंतर तीन आठवडे शाळेत आली नाही. तुम्ही दर रविवारी मोटारसायकल काढून तांड्यावर जायचात. तिला परत तुम्ही आणलं, सर. घालवली कुणी, ते तुम्हाला माहीत नाही असं मी धरून चालले होते.

तेव्हापासून मी गुपचूप बदलले. माझ्या नववीत वहीच्या पानांवर निरनिराळी कामं द्यायला लागले. कुणाला उतारा अर्धा वाचून दाखवायचा, कुणाला शब्द आधी गोरमाटीत विचारायचे, कुणाला सरळ वर्तमानपत्र. याला नाव काही दिलं नाही. गेल्या वर्षी काजलही त्या वर्गात होती, म्हणून तर तिनं गुरुवारी एक का तीन विचारलं. तुम्हाला तर कळूच दिलं नाही, नाहीतर तुम्ही मिशीत हसला असता.

आणि तुम्ही? तुम्ही उलटेच कडक झालात. दहावीत काजलच्या मनात नर्सिंगला जायचं आलं तशी तुम्ही तिला रोज एक मोठा उतारा द्यायला लागलात, चित्र नाही, मदत नाही. तुम्ही जाण्याच्या आदल्या शनिवारी आपण त्यावरूनच भांडलो. मी म्हणाले, "सर, पोरगी दमलीय. जरा सोपं करून द्या, पायरीपायरीनं न्या." तुम्ही म्हणालात, "न्हाई. नर्सिंगचं पुस्तक तिला पायरीनं भेटणार हाय का?" मी म्हणाले, "तुम्हाला लेकरांची कीव येत नाही." हे माझं तुमच्याशी शेवटचं वाक्य. काय बोलले हो मी! ज्या माणसानं रविवारचे रविवार तांड्याच्या वाटेवर घातले, त्याला मी हे बोलले. तुम्ही चिडलाही नाहीत. डब्याचं झाकण लावून तासावर गेलात. आपण दोघं एकमेकांच्या जागेवर जाऊन भांडत होतो, हे त्या दिवशी माझ्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही असे काहून पालटलात, तेही मी कधी विचारलं नाही.

ते काल कळलं. रविवार होता. सोमवारची चाचणी तोंडावर, आणि पेपर माझा तयार नव्हता. एक काढावा तर तो कोरा कागद दिसायचा, तीन काढावे तर परसरामभाऊंच्या हातातला दिसायचा. शेवटी उठले आणि तांड्यावर गेले. सोयाबीन कमरेला लागलंय, वाटेला चिखल. परसरामभाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी उठून मला खाट दिली, काजलनं पाणी आणलं. मी पाणी न पिताच म्हणाले, "भाऊ, दोन वर्षांमागं बाजारात मी तुम्हाला हलका पेपर म्हणाले होते. त्यावरून सरांना सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. ते माझ्यामुळं झालं. सरांना मी कधी सांगितलं नाही. आता तुम्हाला तरी सांगते."

परसरामभाऊ समोर जमिनीवर टेकले. मग म्हणाले, "म्याडम, सरायला ठाव व्हतं."

"कुणी सांगितलं?"

"म्याच. त्या दिशी फाटकाबाहेर सरायनं इचारलं, भाऊ, हलका कोण म्हणलं? म्या खोटं कसं बोलावं? कदम म्याडम म्हणल्या, म्हणलो."

मी पेला खाली ठेवला. मी विचारलं, "मग? चिडले?"

"न्हाई. रस्त्यापस्तोर संगं चालले. मंग म्हणले, म्याडम खरं बोलल्या, भाऊ. पेपर हलकाच व्हता. तुझ्या पोरीला आज काय झेपतंय तेवढंच म्या पाह्यलं. उद्या तिला काय लागंल ते न्हाई पाह्यलं. आन म्हणले, म्याडमला यातलं काही सांगू नको."

"काहून?" मीही त्यांच्यासारखंच बोलायला लागले होते.

परसरामभाऊ हसले. त्यांचे डोळे भरले होते. "म्हणले, त्यायला समजलं तर शरमून भांडायचं बंद करतील. मला त्यायच्या भांडणाची गरज हाय."

सर, मी त्या खाटेवर बसून तुम्हाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या! दोन वर्षं रोज माझ्यासमोर डबा खाल्लात. दोन वर्षं मी तुमच्या चेहऱ्याकडं चोरासारखी बघत होते, याला कळलं असेल का, कळलं असेल का म्हणून. आणि तुम्ही चटणी वाढत होता! एकदा तरी म्हणायचं होतं, म्याडम, तुमचं बरोबर होतं. मी तुम्हाला म्हणाले असते, सर, तुमचंही. माझ्या नववीच्या वह्या दाखवल्या असत्या. तुम्हाला सांगायला दोन वर्षं होती, आणि मलाही तेवढीच होती. तुमच्यावर रागवायचा मला काही हक्क नाही, तरी मी रागावलेय. आणि तुमचे उपकार मानतेय. दोन्ही एकाच वेळी चाललंय, सांभाळून घ्या.

निघताना काजल वाटेपर्यंत आली. म्हणाली, "म्याडम, मंग पेपर कसा हाय उद्या?" मी म्हणाले, "तुला कसा पाहिजे?" ती चमकून माझ्याकडं बघायला लागली. सर, मलाही चमकल्यासारखं झालं. सात वर्षं आपण दोघं लेकरांच्या पेपरावरून भांडलो, आणि कोणता पेपर पाहिजे हे लेकरांना तुम्ही विचारलं नाही, मीही नाही. इंग्रजी कशाला पाहिजे ते तुम्ही विचारलंत. पण पेपर आपणच वाटला.

म्हणून आज सकाळी मी टेबलावर तीन गठ्ठे ठेवले. बोर्डाचा, मधला आणि चित्रांचा. चित्रं मी काढली, माझी एसटी तुमच्यापेक्षाही भिकार आली. पोरांना म्हणाले, या आणि आपापला घ्या. नाही जमला तर परत ठेवा, दुसरा घ्या, मी काही म्हणणार नाही. आधी कुणी हलेना. मग गावातली दोन पोरं, ज्यांना आजवर बोर्डाचाच मिळायचा, ती मान खाली घालून मधला घेऊन गेली. तांड्यावरच्या एकानं बोर्डाचा उचलला. काजलनं बोर्डाचा घेतला, अर्धा तास लिहिलं, मग उठून आली. मला वाटलं परत ठेवायला आली. ती म्हणाली, "म्याडम, यातले दोन प्रश्न येऊन न्हाई राहिले. मधल्यातून त्याची वाट दिसती का बघू? दोन्ही सोडवते."

मी म्हणाले, "सोडव."

घंटा झाली, बाकीचे गेले, ती लिहीतच होती. मी दारात उभी राहिले. हेडसर आले, टेबलावरचे तीन गठ्ठे बघितले आणि म्हणाले, "मॅडम, पेपर एकच काढायचा असं ठरलं होतं ना? राठोड सरांनासुद्धा मी तेच सांगितलं होतं."

मी म्हणाले, "ठरलं कुठं, सर? माझं आणि राठोड सरांचं भांडण अजून चालू आहे."